पालथी पानं

उद्यमबागेत रात्रपाळीला करंट गेला
की मोल्डिंगची पेटी पालथी पडायची
आणि तीवर तीनपानी.
पैसे लावायचे नाहीत, हा दस्तगीरचा नियम.
लावायचे वायसर, आठ नंबरचे नट,
पाळी सुटताना मोजून परत डब्यात.
बसू हुक्केरी वाटताना मोजायचा ओंदु, एरडु, मूरु,
हरल्यावर शिव्या मात्र मराठीत.
तिच्यात जोर जास्त, म्हणायचा.

मी तपासणीला.
कानावर पेन्सिल, खिशात रिजेक्शनच्या लाल चिठ्ठ्या.

त्या रात्री कल्लाप्पा कणबरकर ब्लाइंड खेळत होता.
दोन वायसर टाकून झाले, पानं अजून पालथीच,
एवढ्यात ट्युबा फडफडल्या, भोंगा झाला.
"चला रे" म्हणत त्यानं ती तशीच ढकलली
आणि हातमोजे चढवत भट्टीकडे गेला.
गोळा करायचं काम माझ्याकडे.
उलटली.
इस्पिक एक्का. बदाम एक्का. किलवर एक्का.

लाल चिठ्ठीच्या पाठीवर मांडलं, तिथंच उभ्यानं.
पहिलं पान बावन्नातलं, दुसरं एक्कावन्नातलं, तिसरं पन्नासातलं.
गुणाकार एक लाख बत्तीस हजार सहाशे.
कुठलं आधी आलं याला किंमत नाही,
म्हणून भागिले सहा, बावीस हजार शंभर.
त्यांत तीन एक्क्यांचे हात चारच,
कुठला एक घरी राहिला एवढाच फरक.
(चौकटचा बसूकडे निघाला, सत्ती-दुर्रीच्या संगतीत.)
पाच हजार पाचशे पंचवीसात एक.

कुठलेही तीन सारखे धरले तर सव्वाचारशेत एक,
हजारी सव्वादोनच्या किंचित वर.
पंपाच्या केसिंगला आमचे ब्लोहोल तेवढेच निघतात.
त्याला आम्ही दुर्मीळ म्हणत नाही.
भंगारात टाकतो.

पेन्सिल थांबेना.
चौघे जण, रात्रीत वीस डाव, ऐंशी हात.
एकोणसत्तर रात्रींत एकदा
कुणाला ना कुणाला पडायला पाहिजेत.
करंट वर्षाला सत्तर रात्री तरी जायचा,
आम्ही सोळा वर्षं खेळलो,
आणि मला आठवतात ते नऊच.
काही पडलेच नसतील, तेही हिशेबात बसतं.
पण काही असेच ढकलले गेले असणार,
आणि मी ते न बघता पिसले असणार.

कल्लाप्पाला सांगितलं नाही.
आज सांगू, उद्या सांगू,
मग तो रिटायर झाला.

परवा कडोलीला त्याच्या नातवाचं बारसं.
चिठ्ठी नेली होती, घडीवर विरलेली.
जेवणं झाली, ओट्यावर बसलो,
तर तोच म्हणाला,
"इटलीच्या ऑर्डरची पहिली हीट आठवतीय?
पहाटे करंट आला ती?
चाळीस केसिंग, एकात ब्लोहोल नाही!
तसली रात्र परत झाली नाही बघ."

मी मान हलवली.
तेही मी मांडलेलं होतं, त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात.
शंभरातनं एक्क्याण्णव वेळा असंच होतं.

"काय शोधूलास खिशात?"
काही नाही, म्हटलं, सुपारी.