मूस

लेंगऱ्याहून मूस आणि चिमटा घेऊन
हिंदुरावअण्णा दुबईच्या खाडीवर उतरले,
तेव्हा गलबतांतून खजूर, कापड, घड्याळांच्या पेट्या निघायच्या.
सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा
ते पुडीत बांधून ठेवायचे.
आटवला तर गुंजभर निघतो, म्हणायचे.
त्या गुंजांवर लेंगऱ्यात दोन मजले चढले.

परवा नातसून सहलीहून आली.
मोबाइलवर कारंजी, काचेचे मनोरे,
मॉलमधला बर्फ, बर्फात टोपी घातलेली ती.
अण्णा ओट्यावर बसून
फोटो मोठा करत राहिले,
कोपऱ्यात, पुलाआड
एक लाकडी गलबत सापडेपर्यंत.

"इथं आमची भट्टी."
बोट गाड्यांच्या रांगेवर.

मग बऱ्याच वेळानं, हळूच :
"झाडलोट कोण करतं गं तिथं आता?
केर कुठं टाकतात?"