वस्तू क्रमांक सतरा

पोस्टात होते, अक्षर बरं,
म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत,
आम्ही सातजण. कधी पाच. मे महिन्यात तिघंच.
लांजेवार सरांची शिडी, नायडूंची चुन्याची पोती,
शबानाचा मोबाईल, त्यात सगळ्याचे आधीचे फोटो,
आणि बोरकुट्यांचा पोरगा, ज्याला दर वेळी विचारावं लागे
की बाबू, झाडू उलटा का धरून राहिला.

इतवारीकडून येणारे अडीच फुटी रूळ
कंत्राटदारानं केव्हाच मोजून नेले.
ठेसन राहिलं,
कारण भिंती वजनावर विकत नाहीत.

आधी वटवाघळं निघाली, मग बाटल्या,
मग तीन आठवडे नुसतं खरवडणं.
पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली चुना,
चुन्याखाली पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं:
दूध अडीच शेर, पैसे बाकी.
कोणाकडे, ते पोपड्याबरोबर गेलं.
सर म्हणाले, यावर रंग नाही लावायचा,
उधारी आहे कुणाची तरी.
वीतभर चौकोन आम्ही तसाच सोडला.

वस्तू क्रमांक एक, तिकिटावर तारीख ठोकायचं यंत्र.
शेवटची गाडी गेली ती तारीख लावू म्हणून
नायडूंनी चाकं फिरवली,
ती एकतीस जूनवर अडकली.
तेल घातलं, घासलेट घातलं, शिव्याही घातल्या.
आता येणाऱ्या प्रत्येक पोराला
एकतीस जूनचं तिकीट मिळतं
आणि अजून एकाही पोरानं तक्रार केलेली नाही.

वस्तू क्रमांक नऊ, घंटा.
म्हणजे रुळाचाच हातभर तुकडा, तारेनं टांगलेला,
कंत्राटदाराच्या मोजणीतून निसटलेला.

सतरावी वस्तू मागायला आम्ही मागच्या क्वार्टरात गेलो.
फुलवंताबाई उईके. नवरा पॉइंट्समन होता.
वेटिंग रूममध्ये इतकी वर्षं तिच्याच बकऱ्या बसायच्या,
त्यांना उठवलं आम्ही,
हे बोलता बोलता सगळ्यांनाच आठवलं
आणि शबाना उगाच मोबाईल पुसू लागली.

कंदील खुंटीला होता. एक काच हिरवी, एक लाल,
लालवर तडा, तड्यावर चिकटपट्टी.
वारसा, पुढची पिढी, असं काहीबाही सर बोलले.
तिनं पूर्ण ऐकून घेतलं.
मग म्हणाली,
"अन् लाइट गेल्यावर म्या काय तुमची चिठ्ठी पेटवू?"

कोणी हसलं नाही. तीच हसली.
"तीस वर्सं हा दिवसा घरी, रातच्याला ड्युटीवर.
आता दिवसा तुमच्याकडं येईन, रातच्याला घरी राहीन.
ड्युटी बदलली म्हना त्याची."

म्हणून सतराव्या चिठ्ठीला मला चार कागद लागले.
पहिल्यावर मी वर्ष लिहिलं, दुसऱ्यावर धातू,
तिसऱ्यावर नवऱ्याचं नाव, मग तिचं नाव वर घेतलं.
चौथ्यावर फक्त एवढं:
फुलवंता उईके यांचा कंदील.
सायंकाळी पाचनंतर ही वस्तू घरी असते.

काल शाई वाळेपर्यंत मी थांबले.
पाचाला ती आली, काच पदरानं पुसली,
रिकाम्या खिळ्याकडे एकदा पाहिलं
आणि फलाटावरून उतरली.
समोर नुसती गिट्टी, तरोट्याचं रान,
जिथून गेल्या किती वर्षांत काहीच गेलेलं नाही.

तिथे ती थांबली.
आधी इतवारीकडे पाहिलं, मग नागभीडकडे,
मग ओलांडलं.

मागून बकऱ्या,
त्या मात्र न बघताच गेल्या.