नाक

वरळीच्या बाजारातून परतले की
आधी लिंबाची साल चोळते, मग बेसन,
मग स्टीलच्या नळाला दोन्ही तळवे घासते,
कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.
तरी विहंग दारातूनच ओळखतो
आज पापलेट होतं की मांदेली,
आणि कॉटखाली जातो.

साडेचार वर्षांचा. खातो एवढंच:
गार भात, बिनमिठाचा, शिताला शीत चिकटलेलं नको.
दूध, पण सायीचा संशयही नको.
लाल पुड्यातली बिस्किटं, सात.
तुटलेलं बिस्किट हे बिस्किट नसतं.

नणंद म्हणाली, दोन दिस उपाशी ठेव, खाईल झक मारून.
ठेवला.
तिसऱ्या दिवशी सलाईन लागलं,
आणि हातावरची चिकटपट्टी काढताना तो जसा किंचाळला
ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

कुकर शेजारणीचा असला तरी कानांवर हात.
चमचा ताटाला घासला, की जेवण संपलं.
गल्लीत हळदीला बेंजो वाजला
तेव्हा आम्ही दोघं मोरीत बसलो होतो नळ सोडून.
पाण्याचा आवाज त्याला चालतो.

एकदा पुडा तोच, दुकान तेच,
त्याने बिस्किट नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.
मी खाऊन पाहिलं. मला तर तेच लागलं.
मग मोबाईलने फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचली:
कारखाना बदलला होता.

त्या दिवशी सासू आठवली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण टोपलीवर वाकून सांगायची,
हे रातचं, हे पहाटेचं,
याला बर्फ दोनदा लागलाय.
कल्ला न उघडता.
अख्ख्या बाजारात त्या नाकाला मान होता.

थेरपीच्या बाई म्हणतात, नवा पदार्थ
आधी नुसता खोलीत असू दे. मग टेबलावर.
मग त्याच्या ताटाशेजारी, दुसऱ्या ताटात.
खायचं नाव काढू नका.
आमच्याकडे टेबल नाही.
केळ्याची चकती खिडकीतून जमिनीपर्यंत यायला
सव्वा महिना लागला. रोज नवी कापली, रोज मीच खाल्ली.

काल त्याने सहाच खाल्ली.
सातवं माझ्या गुडघ्यावर ठेवलं,
माझ्याकडे न बघता.
मी ते अख्खं तोंडात धरून बसले
विरघळेपर्यंत.
चावलं असतं तर आवाज झाला असता.