गळती

मार्च सरत आला की आमच्या कॉलेजात
अहवालाचं वारं सुटतं.
प्राचार्य म्हणतात, पानं वाढवा, फोटो लावा,
विद्यापीठाची माणसं वजन बघतात.
क्रीडा: कबड्डीत हरलो, सहभाग उत्साही.
ग्रंथालय: वाळवीनं खाल्लेली एकशे बारा वजा.
मराठी विभाग: विद्यार्थी सात,
शिक्षक एक, म्हणजे मी,
तोही तासावर.

मग पान एकोणीस. प्रौढ शिक्षण.
कुणी घेत नाही म्हणून दरसाल माझ्याकडे येतं.
तक्ता छापील, मथळे कन्नड.
मी एकेक अक्षर सोडवत वाचतो, ओठ हलवत,
फोंडू वाचतो ना संध्याकाळी, तसा.

खानापुरात रेल्वे फाटकापलीकडे
कौलांच्या कारखान्यात, सुकवणीच्या मांडवात
वर्ग भरतो साडेसातला, म्हणजे आठला.
पाट्या आल्या होत्या नऊ, त्यातल्या चार फुटक्या.
म्हणून ओल्या कौलावरच काडीनं गिरवतात सगळी.
चुकलं की अंगठ्यानं पुसायचं.
सही येईपर्यंत अंगठ्याला
एवढं तरी चांगलं काम.

फेब्रुवारीत साहेब आले, धारवाडकडचे.
वही उघडून विचारलं, गळती किती?
मी घसा खाकरला.
नावं तेवीस, समोर बसलेली अकरा.
तेवढ्यात तुळसव्वा मागून उसळली:
"गळती? कसली ओ गळती?
कौलं आमी करूलालाव,
गळूलालंय म्हणून कोन सांगिटलं तुमास्नी?"
शिपाई इराप्पानं ते कन्नडमध्ये उलथं करून सांगितलं.
साहेब हसले नाहीत.
मान वर करून आढ्याकडे बघत राहिले,
बराच वेळ.

आता कारणं लिहायची.
शट्टुपा गोव्याला गेला, स्लॅबच्या कामावर.
दोघींना दिवस गेले.
लुमाणाला फक्त नाव लिहायचं होतं,
ते आलं, तो गेला,
जाताना नारळ ठेवून गेला टेबलावर.
आणि नागव्वा,
सगळ्यांत पुढं होती ती,
जोडाक्षरांपर्यंत पोचलेली.
एक दिवस पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं,
बोट ठेवून ओळीओळीनं वाचलं,
थोरल्यानं कधी किती उचलले ते.
मिटलं. पदरानं पुसलं.
त्यानंतर आली नाही.
रकाना दोन बोटं रुंद आहे.
मी लिहितो: वैयक्तिक.

माझंही एक सांगायचं राहिलं.
कन्नडची परीक्षा मी दोनदा नापास झालोय.
ती सुटली तर तासावरचा मी कायम होईन म्हणतात,
म्हणतात बरेच जण, बरेच दिवस.
दुपारच्या सुट्टीत इराप्पा शिकवतो,
डबा बाजूला सारून, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर.
हाताला माझ्या जन्माची सवय,
अक्षर झालं की वर रेघ ओढायची.
"सर, आमच्या अक्षरास्नी छप्पर नसतंय बघा."
मग पावसात काय करतात रे?
"भिजतात की," तो म्हणतो,
आणि चटणी पुढं करतो.

तुळसव्वाचं नावाचं कौल
चुकून भट्टीत गेलं गेल्या महिन्यात.
ळ आडवा, व ला व जोडलेला कसाबसा,
तसंच भाजून लाल झालं.
खेप नंदगडला गेली की लोंढ्याला, मुकादमाला आठवत नाही.
तिला काही वाटलं नाही.
"असंना. कुनाच्या तरी डोस्क्यावर हाय न्हवं."

फोटो आहे का त्याचा, प्राचार्य विचारतात.
नाही.
मग राहू दे.

पाच वाजत आलेत. इराप्पा किल्ल्या वाजवत
माझ्या खुर्चीमागं उभा.
गळतीच्या रकान्यात मी १२ लिहितो.
तो वाकून बघतो, हळूच म्हणतो,
"सर, हे मराठीतलं बारा झालं."
अंगठा आपोआप पुढं होतो माझा,
पुसतो.
शाई ती.
रकानाभर निळा फराटा.