किती मीटर?

अशोक चौकामागच्या गल्लीत माझी खोली,
खाली लिंगय्या गुंडेटीचे चार माग.
सकाळी सातला फरशी थरथरते,
तांब्यातल्या पाण्यावर गोल उठतात,
माझं अक्षर तेव्हापासून थोडं हललेलंच आहे.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, काय करतो?
म्हटलं, लिहितो.
एमय्या, मग आज किती मीटर?

मी हसलो. सांगण्यासारखं काही नव्हतं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
तिसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन
जिना उतरलो गुपचूप,
तर नेमकी वीज गेलेली, माग गप्प,
आणि माझ्या अनवाणी पायांचाही आवाज झाला.

अंधारात तो दाराशी बसला होता,
तुटलेल्या सुताची टोकं शोधत.
बोट ओलं करायचं, पीळ द्यायचा, गाठ.
बस, म्हणाला. वीज येईपर्यंत हेच काम.
मी माझी वही आठवली,
ती वीज असतानाही बंद असायची.

चार मागांच्या खडखडाटात
एक धागा तुटला तरी त्याची मान वळते.
मला नुसता खडखडाट.
म्हणून त्याच गोंगाटात
मी माझं लिहिलेलं मोठ्यानं वाचू लागलो.
कुणाला ऐकू जात नाही,
पण कुठे तुटलंय ते घशाला लागतं.

मार्चमध्ये एका चादरीत
मोराच्या मानेवर काहीतरी चुकलं.
गिऱ्हाइकाला सात जन्मांत कळलं नसतं.
त्यानं चादर उलटी केली, बघितलं,
आणि वीतभर उसवली.
संध्याकाळ त्यात गेली. मजुरी तर मीटरवर.
आतून अनसव्वा तेलुगूत ओरडत होती,
भाकरी कडक झाली, आता माणूसही होणार.
त्या दिवशी मीच विचारलं, किती मीटर?
वीतभर उणे, म्हणाला,
आणि शेंगाचटणीवर तेल घेतलं.

रात्री मी दोन पानं खोडली,
चांगली होती, मला आवडायची.
सकाळी जिन्यात सांगितलं, दोन पानं उणे.
त्यानं पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही,
नुसता चहा अर्धा ओतून दिला बशीत.

काल बेचाळीस डिग्री. नळाचा चौथा कोरडा दिवस.
किती?
चार ओळी.
चार ओळी म्हणजे, तो बोटं मोजत राहिला,
चादरीत धरल्या तर किती होतील?
मला माहीत नव्हतं.
मी खरंच हिशेब करायला बसलो त्याच्याशेजारी,
तेवढ्यात वीज आली.