राखीव नमुना

स्मरणिकेसाठी एक पान लिहून द्या, साहेब म्हणाले.
साठ वर्षं, एक पान,
वर फोटोला जागा सोडून.

मी नमुना खोलीतला माणूस.
दर बॅचच्या दोन बाटल्या ठेवून घ्यायच्या,
मुदत संपली की वर एक वर्ष सांभाळायच्या,
मग रजिस्टरात सही, आणि नष्ट.
इतिहास मला एवढाच येतो.

तरी लिहितो.
आधी लक्ष्मी रोडच्या मागे दोन खोल्या, एक टाइपरायटर,
बोटीने आलेली रंगाची पिंपं.
पाटीवर: ब्रेंडलिन अँड सन्स यांचे अधिकृत एजंट.
सन्स कुणीच पाहिले नाहीत.
एजंट त्र्यंबकराव खटावकरांचे तळहात मात्र
निळे ते निळेच, म्हणे,
मुलीच्या कन्यादानातसुद्धा.

मग चिंचवडला सहा एकर ज्वारीचं रान,
नवी पाटी, ब्रेंडलिन इंडिया.
क्लाउसनर साहेब आले, उघड्या डोक्याने उन्हात फिरले,
विहिरीचं पाणी चाखून म्हणाले, पाणी जड आहे.
अकरा वर्षं राहिले. मराठी तेवढंच.

मग दिल्लीहून कायदा आला,
परक्याचा वाटा चाळीस टक्के, वर नाही.
टायपिस्ट शरयू टिळेकरांनी भिशीच्या पैशातून
दहा शेअर घेतले, आणि वार्षिक सभेत उभं राहून विचारलं,
मागचा जिना कुणी झाडत का नाही?
इतिवृत्तात आहे:
भागधारकांनी समाधान व्यक्त केले.

व्हिटॅमिनचा प्लांट.
त्यातला माणूस पीएमटीत चढला
की शेजारची सीट रिकामी व्हायची.
मुगुटराव शेवकरींचे बनियन सगळे पिवळे,
बायको दोरीवर वाळत घालायची तर
शेजारणी विचारायच्या, हळद कुणाची?

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, रात्री दोनला,
तीन नंबरचा रिॲक्टर.
अहवालात एक ओळ आहे:
उत्पादन अकरा दिवस स्थगित.

पुढचं भराभर.
एक्कावन्न टक्के, चौऱ्याहत्तर, मग सगळेच.
टिळेकरबाईंना दहा शेअरचा चेक आला,
त्यांनी त्यातून मिक्सर घेतला.
रंग एकाला विकले, औषधं दुसऱ्याला,
नाव तीनदा बदललं, गेट तेच.
पलीकडे बावीस मजली इमारत उभी राहिली
आणि तिथले लोक आता तक्रार करतात
की इथे वास येतो.

साहेब, पान भरलं.
एक राहिलं, ते छापू नका.

त्या रात्रीची बॅच पुरी झाली नव्हती,
म्हणून तिचा नमुना नाही.
कपाटात तिच्या नंबराची जागा
मी रिकामी ठेवली आहे, चिठ्ठी लावून.
दर वर्षी ऑडिटवाले बोट ठेवतात:
हे काय? काढून का टाकत नाही?

मी सांगतो,
मुदत संपलेली नाही.