जिभे, तू खोटं बोललीस

फाइफच्या किनाऱ्यावरचं हे मिठागरांचं गाव.
मी इथला शाळामास्तर, आणि चर्चच्या पंचांचा कारकून.
महिन्यातून दोनदा लोकांची तोंडं माझ्या वहीत येतात.

पाद्रीबुवा विचारतात, काय लिहिणार?
निंदा? ती तर जेवणानंतर आपण सगळेच करतो.
चहाडी म्हणावी, तर ती निदान खरी असू शकते.
शिवी आली तशी वाऱ्यावर जाते.
याला खोटेपणा लागतो, ऐकणारा तिसरा लागतो,
आणि कुणाची तरी चूल विझावी लागते.
मी लिहिलं: नालस्ती.

एल्स्पेथ पिटकेर्न विहिरीवर म्हणाली होती,
ग्रिझेल टार्विटच्या मापाला आतून दुसरा तळ आहे.
एवढंच. तिखटमीठ पुढच्यांनी लावलं.
आठ दिवसांत दुसऱ्या तळाखाली मेण आलं,
मेणाखाली कुणा बुडालेल्या खलाशाची अंगठी,
आणि ग्रिझेलचं मीठ पोत्यातच दगड होऊन बसलं.

माप पंचांपुढे आलं.
पाद्रीबुवांनी त्यात मूठ घातली, मी पट्टी.
एकच तळ. ओकचा, झिजलेला.

रविवारी एल्स्पेथ उभी राहिली, गोणपाटात, अनवाणी.
शिक्षा जुनीच: दोन बोटांत आपली जीभ धरायची
आणि सगळ्यांदेखत म्हणायचं,
जिभे, तू खोटं बोललीस.
आता जीभ धरून कुणाला बोलता येतं?
इए, ऊ ओअं ओईअ, असं काहीसं आलं.
मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली.
वहीत मी शुद्ध लिहिलं.

ग्रिझेल हसली नाही. दाराशी गाठून म्हणाली,
"मास्तर, हिची धरलीत. बाकीच्या?"
जिभेला हाड नसतं, बाई, मी म्हणालो.
"म्हणून तर मोडत नाही."

पुढे हेरिंग खारवायचे दिवस आले.
लोक म्हणायचे, माप चोख आहे, पंचांनी तपासलंय.
मग जरा थांबून:
पण तपासायची वेळ का आली असेल?
यात एकही शब्द खोटा नाही.
माझ्या वहीत याला रकाना नाही.

काल तिच्याकडे मीठ घ्यायला गेलो.
ती पोतं सोडायला वळली
आणि मी, ज्याने स्वतः पट्टी घातली होती,
अंगठ्याने मापाचा तळ दाबून पाहिला.

पैसे घेताना तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
त्याला मीठ लागलं होतं.